कोणी म्हणालं, "तुमच्यासाठी प्रार्थना करते"



गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक ताई दुपारच्या वेळी माझ्याकडे आली. तिचा नवरा सरकारी दवाखान्यात निमोनियाने भरती होता, ऑक्सिजन लावलेला होता. रिपोर्ट वाचून घ्यायला आली असेल असं मला वाटलं. मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले, तरी वस्तीतले निम्मे केसपेपर अजून माझ्याच ओट्यावर उघडले जातात. पण तिने रिपोर्ट पिशवीतून काढलाच नाही. म्हणाली, "ताई, समोरच्या ख्रिश्चन बाई मला म्हणाल्या, तुमच्या मालकांसाठी मी रोज रात्री प्रार्थना करते. मी काहीच बोलले नाही, मान खाली घालून निघून आले. पोरगा म्हणतो, आपण बौद्ध आहोत, असलं आम्हाला चालत नाही हे तोंडावर सांगायला पाहिजे होतं. मी हो म्हटलं असतं तर बावीस प्रतिज्ञा मोडल्या असत्या का?"

घरात आजारी माणूस, खिशात पैसे नाहीत, रात्री झोप नाही, आणि वर हा प्रश्न. तिला थोडक्यात उत्तर दिलं. पण नंतर लक्षात आलं की हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतो, आणि आपण एक तर गप्प बसतो नाही तर भांडतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर औषधगोळीऐवजी हाच विषय घेतला आहे.

वॉर्डमध्ये मी हे वाक्य सगळ्या बोलींत ऐकलं आहे. कोणी म्हणतं दुआ करूंगी, कोणी प्रेयर करते, कोणी देवीला साकडं घालते, कोणी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, कोणी मंगल मैत्री देते. आता तर मोबाईलवर नुसती हात जोडलेली खूण येते. भेटीच्या वेळी खाटेजवळ उभ्या राहिलेल्या माणसाकडे एकदा नीट बघा. त्याला पेशंटच्या नाकातली नळी दिसते, लघवीची पिशवी दिसते, बायकोचा सुकलेला चेहरा दिसतो. काय बोलावं त्याला सुचत नाही. "बरे व्हाल" म्हणावं तर खोटं ठरण्याची भीती. पैसे द्यावेत तर स्वतःचीच ओढाताण. मग तोंडातून बाहेर पडतं, प्रार्थना करतो. दहातल्या नऊ वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की तुमचं हे बघून माझं काळीज हललं आहे, मी तुम्हाला विसरणार नाही, आणि याच्यापुढे काय करावं मला कळत नाही.

प्रत्येक घराची रीत मात्र वेगळी असते, आणि ती माहीत असली की गैरसमज कमी होतात. ख्रिश्चन शेजारीण "प्रेयर करते" म्हणाली तर ती खरोखर रात्री बसून नवऱ्याचं नाव घेणार असते. कित्येक चर्चमध्ये आजारी माणसांची नावं वाचून सगळे मिळून प्रार्थना करतात. मुसलमान शेजाऱ्याच्या घरी आजाऱ्याला भेटायला जाणं हेच मोठं कर्तव्य मानलं जातं, दुआ त्या भेटीचाच भाग असते. या दोघांनी तुमच्याकडून काही मागितलेलं नसतं. तुम्ही त्यांचा देव मानावा अशीही अट नसते.

नवसाचं तसं नाही. "तुझा पोरगा बरा झाला तर तुझ्या हातून ओटी भरीन, जत्रेला आणीन" असं कोणी बोललं, तर तो तुमच्या नावावर परस्पर केलेला सौदा आहे. पोरगा गोळ्यांनी बरा होतो आणि मग वर्षभर तगादा लागतो: नवस फेडा, नाही तर उलटेल. पुढे पोराला साधा ताप आला तरी आईच्या पोटात गोळा येतो. असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे, पण गोड शब्दांत सांगा, "काकी, नवस बोलू नका, आमच्याकडून तो फेडला जाणार नाही. तुम्ही येऊन बसा, तेवढ्याने आम्हाला बळ येतं."

आता प्रतिज्ञांविषयी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा "मी" या शब्दाने बोलायच्या आहेत. मी कोणाला देव मानणार नाही, मी कोणाची पूजा करणार नाही, हे आपण आपल्यापुरतं बोललो आहोत. शेजारीण तिच्या घरात, तिच्या श्रद्धेने काय करते त्याने आपली प्रतिज्ञा मोडत नाही. ज्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने आपल्याला बौद्ध म्हणून जगण्याचं स्वातंत्र्य दिलं, त्यानेच तिला तिची प्रार्थना दिली आहे. तिने खाटेशी उभं राहून तुम्हाला गुडघे टेकायला सांगितलं, तर नम्रपणे नाही म्हणा. तेवढी रेघ पुरेशी आहे.

पोराचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या लोकांना शेकडो वर्षं देवाच्या नावाने लुबाडलं गेलं, दारातून हाकललं गेलं. "देव बघेल" हे शब्द ऐकले की आपल्या तरण्या पोरांच्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती जायलाच हवी. फक्त ती तिडीक समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईवर काढली, तर उद्या ती दारात यायची थांबते आणि आजाऱ्याच्या घरातला एक माणूस कमी होतो. असं झालेलं मी पाहिलं आहे. एका घरात असाच वाद झाला, शेजाऱ्यांनी पाऊल टाकणं बंद केलं, आणि डायलिसिसच्या पेशंटला आठवड्यातून दोनदा खाली उतरवायला माणूस मिळेना.

मग पुढचा प्रश्न येतोच: प्रार्थनेने आजार बरा होतो का?

हे मोजून बघायचा प्रयत्न झालेला आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाच्या संशोधकाने १८७२ सालीच हा प्रश्न आकड्यांत मांडला होता. ज्या राजघराण्यासाठी अख्ख्या देशातल्या चर्चमध्ये दीर्घायुष्य मागितलं जातं, ते लोक इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगतात का, असं त्याने तपासलं. जास्त जगत नव्हते. पुढे अमेरिकेत सहा रुग्णालयांमध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ साली छापले गेले. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. प्रत्यक्षात एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना नक्की होणार, आणि ती झाली. पहिल्या गटात शंभरातल्या ५२ जणांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ जणांना. म्हणजे काहीच फरक नाही. आणि ज्यांना नक्की माहीत होतं, त्या तिसऱ्या गटात हे प्रमाण ५९ निघालं.

हा शेवटचा आकडा वाचून मला हसू आलं नाही, कारण वॉर्डमधले चेहरे डोळ्यांपुढे आले. प्रार्थनेने नुकसान झालं असा याचा अर्थ कोणी काढू नये. तो फरक योगायोगाचाही असू शकतो, असं संशोधकांनीही म्हटलं. पण एक शक्यता त्यांनी बोलून दाखवली ती आपल्या कामाची आहे. पेशंटला वाटलं असेल, "एवढी माझी हालत खराब आहे की प्रार्थनेला माणसं बसवली?" बोलणाऱ्याला म्हणायचं असतं माया, आणि खाटेवरच्या माणसाला ऐकू येतं मरण. म्हणून भेटायला जाल तेव्हा चारचौघांत डोळ्यांत पाणी आणून "आता त्याच्याच हातात" असलं काही बोलू नका. बेशुद्ध दिसणाऱ्या माणसालाही पुष्कळदा ऐकू येत असतं.

"पण आमच्या मामीची कावीळ तर गंड्यानेच उतरली," असं कोणी तरी म्हणेलच. घाण पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेक लोकांची काही आठवड्यांत विश्रांती आणि बेताच्या खाण्याने आपोआप उतरते. सर्दी आठवड्या-दीड आठवड्यात जाते, कांजिण्या सुकतात. माणूस बाबाकडे, भगताकडे जातो तो त्रास सगळ्यात वर चढला असताना, आणि वर चढलेला त्रास त्यानंतर उतरणारच असतो. श्रेय दोऱ्याला मिळतं. जे बरे झाले नाहीत ते सांगायला येत नाहीत. आणि सगळी कावीळ साधी नसते: पेशंटला गुंगी यायला लागली, तो भलतंच बोलायला लागला, रक्ताची उलटी झाली, गरोदर बाईचे डोळे पिवळे झाले, तर एक रात्रही थांबू नका.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी आकडी यायची. मोठ्या दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या आणि महिनोन् महिने आकडी आली नव्हती. मग एकदा पाहुण्यांच्या लग्नात आली. आई घाबरली. कोणी तरी तिला एका बाबाकडे नेलं. तो म्हणाला, मी प्रार्थना करतो, पण गोळी आणि प्रार्थना एकत्र चालत नाही, विश्वास पूर्ण पाहिजे. आईने गोळ्या बंद केल्या आणि डबा पत्र्याखाली लपवून ठेवला. अकरा दिवस काही झालं नाही. घरात आनंदीआनंद. बाराव्या दिवशी सकाळी नळावर त्याला एकामागून एक आकड्या आल्या, डोकं दगडावर आपटलं. जगला. भुवईवरची खूण अजून आहे.

आकडीच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या की असंच होतं, हे मला पुढे नर्सिंगला गेल्यावर कळलं. (आकडी आली तर माणसाला कुशीवर करा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर ताबडतोब १०८ ला फोन करा.) आईवर मी कित्येक वर्षं रागावलेली होते. नोकरीत बरीच वर्षं गेल्यावर एक दिवस तिला विचारलं, तू बौद्ध असून गेलीस कशी? ती म्हणाली, "दवाखान्यात डॉक्टर चिठ्ठी लिहायचा, मान वर करायचा नाही. त्या माणसाने अर्धा तास पोराला जवळ बसवलं, नाव विचारलं, मला विचारलं बाई तू जेवलीस का."

बाबाने ती चौकशी केली आणि पोराची गोळी काढून घेतली. हे दोन्ही एकाच माणसाने केलं. तेव्हापासून मी घरच्यांना एकच विचारते: जो प्रार्थना करतो म्हणतोय तो काही बंद करायला सांगतोय का? गोळी, इंजेक्शन, तपासणी, ऑपरेशन, डायलिसिस, इन्शुलिन, यातलं काहीही थांबवायला सांगितलं, पैसे मागितले, किंवा "डॉक्टरला सांगू नका" म्हणाला, तर ती प्रार्थना कोणत्याही धर्माची असो, त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. आपल्या धर्माचं नाव घेऊन तसं सांगणारा निघाला तरी. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य घातलं ते डॉ. नरेंद्र दाभोलकर त्याच वर्षी २० ऑगस्टला मारले गेले.

टीबीच्या घरांनी हे जास्त लक्षात ठेवावं. औषध सुरू झालं की महिन्या-दोन महिन्यांत खोकला आणि ताप कमी होतो, वजन वाढतं. नेमकं तेव्हा कोणी तरी प्रार्थना केलेली असते, आणि माणूस म्हणतो आता गोळ्यांची गरज नाही. साध्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो, सरकारी केंद्रात फुकट मिळतो, अर्ध्यावर सोडला तर जंतू गोळीला दाद देईनासे होतात. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये सरकार खात्यात जमा करतं. नाव नोंदलेलं आहे का ते आशाताईंना विचारा.

मग आपण बौद्धांनी आजाऱ्यासाठी काय म्हणायचं? आपल्याकडे वर बसून ऐकणारा कोणी नाही. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात धम्म काय नाही हे सांगताना बाबासाहेबांनी सुरुवातच अलौकिकावरच्या विश्वासापासून केली आहे. तेविज्ज सुत्तात तथागतांनी दिलेला दाखला तर वस्तीतल्या पोरालाही कळेल असा आहे: अचिरवती नदी दुथडी भरली आहे, माणसाला पलीकडे जायचं आहे, आणि तो या काठावर उभा राहून पलीकडच्या काठाला हाका मारतो आहे की ये, इकडे ये. काठ येईल का?

आणि तरीही आजाऱ्याशेजारी बसून काही म्हणण्याची रीत आपल्याकडे आहेच. भिक्खू गिरिमानंद आजारी पडले तेव्हा तथागतांनी आनंदाला त्यांच्याकडे पाठवून दहा संज्ञा ऐकवायला सांगितलं. त्यात शेवटची आनापानस्मृती, म्हणजे श्वासावर लक्ष. बोज्झंग सुत्त महाकस्सप आणि महामोग्गल्लान यांच्या आजारपणात सांगितलं गेलं, आणि स्वतः तथागत आजारी असताना महाचुंदाने ते त्यांना ऐकवलं. ऐकून आजार गेला असं सुत्तात म्हटलेलं आहे, हे मी लपवणार नाही. पण सुत्तात काय आहे तेही वाचा. कोणाकडे काही मागितलेलं नाही. स्मृती, विचारपूर्वक तपासणं, प्रयत्न, शांती, समता अशा सात गोष्टींची आठवण करून दिली आहे. ओळखीच्या आवाजात, सावकाश म्हटलेलं असं काही ऐकलं की घाबरलेल्या माणसाचा श्वास संथ होतो, वेदना सहन करायला सोपी जाते, झोप लागते; हे मी रात्रपाळीत पुष्कळदा पाहिलं आहे. त्याने फुप्फुसातला पू आटत नाही. त्यासाठी अँटिबायोटिकच लागतं. तथागतांनाही जीवक वैद्याकडून जुलाबाचं औषध घ्यावं लागलं होतं, आणि बाबासाहेब मधुमेहासाठी इन्शुलिन घेत होते. बाळंतपणाच्या वेळी अंगुलिमाल परित्त म्हणतात. अवश्य म्हणा, १०८ च्या गाडीत बसून म्हणा.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती विनयपिटकातल्या महावग्गातली गोष्ट. एका भिक्खूला जुलाब लागले होते आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. आनंदासोबत फिरताना तथागतांना तो दिसला. त्यांनी विचारलं, तुझी सेवा करणारा कोणी आहे का? तो म्हणाला, नाही, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी बघत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं. एकाने डोक्याकडून धरलं, एकाने पायाकडून, आणि त्याला उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला गोळा करून सांगितलं की तुम्हाला इथे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार. आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

त्याच ठिकाणी सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात घालावेत असे. त्याला औषध तयार करता यावं. काय मानवतं आणि काय मानवत नाही ते कळावं, मानवणारं जवळ आणावं, न मानवणारं दूर न्यावं. सेवा मायेने करावी, लाभासाठी नव्हे. शी, लघवी, ओकारी, थुंकी काढायची किळस वाटू नये. आणि पाचवा, वेळोवेळी धम्माच्या चार गोष्टी सांगून धीर द्यावा. बोलणं आहे, पण ते पाचवं आहे. आधीची चार हातांची कामं आहेत. पुढे आजाऱ्याचेही दोष सांगितले आहेत: जो पथ्य पाळत नाही, प्रमाण जाणत नाही, औषध घेत नाही, दुखणं खरं सांगत नाही आणि वेदना सोसत नाही, त्याची सेवा करणं कठीण. आमच्या काही दादा लोकांनी हे वाचून घ्यावं, विशेषतः "खरं सांगत नाही" हा भाग. दारू किती घेता ते डॉक्टरला खरं सांगितलं जात नाही आणि मग ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात.

दुसऱ्या गुणाबद्दल, म्हणजे न मानवणारं दूर नेण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण प्रार्थनेच्या मागोमाग वस्तू येतात. तीर्थ, प्रसाद, अंगारा, तेल, जमजमचं पाणी, आणि आपल्या घरातून परित्राणाचं पाणी आणि पांढरं सूत. ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी पोट रिकामं ठेवायला सांगितलं असेल तर त्या वेळेनंतर एक घोटही देऊ नका. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. घोटभर पाणी दिलं म्हणून सकाळचं ऑपरेशन पुढे ढकललेलं मी पाहिलं आहे, आणि पेशंटच्या मुलाने आजीला वॉर्डभर ओरडताना ऐकलं आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी सोडू नका, ते श्वासनळीत उतरतं. किडनीच्या पेशंटला नारळपाणी, शुगरच्या पेशंटला पेढा, दोन्ही घातक. मनगटावरचं सूत हात सुजला की रुततं आणि सलाईनची सुई लावताना आड येतं. नर्सने कापलं तर वाईट वाटून घेऊ नका, तिने पेशंटच्याच भल्यासाठी कापलं आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आपल्यात हे सूत हळूहळू गंडा होत चाललं आहे, आणि विहारात याविषयी एकदा बोलायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं: घरी ऑक्सिजन सिलिंडर किंवा मशीन लावलेलं असेल त्या खोलीत मेणबत्ती, अगरबत्ती, बिडी, स्टोव्ह काही पेटवू नका. ऑक्सिजनमध्ये ठिणगीचा भडका होतो. वंदना घ्यायची असेल तर फुलं वाहून घ्या, मेणबत्ती आजाऱ्याच्या खोलीबाहेर, दूर लावा.

कधी कधी हे वाक्य डॉक्टरच बोलतात. आयसीयूच्या दारात येऊन, मास्क खाली करून, "आम्ही प्रयत्न करतोय, आता प्रार्थना करा." घरचे लोक खरोखर प्रार्थनेला लागतात आणि विचारायचं ते राहून जातं. डॉक्टरच्या तोंडी याचे दोन-तीन अर्थ असतात. एक, औषध दिलं आहे, शरीर साथ देतं का ते पुढच्या एक-दोन दिवसांत कळेल. दुसरा, आशा फार कमी आहे आणि ते स्पष्ट बोलणं त्यांना जड जातं आहे. तिसरा, नुसती सवय. कोणता ते तुम्हीच विचारायचं. घरातला एक शांत माणूस पुढे करा आणि त्याने विचारावं: "डॉक्टर, म्हणजे जगण्याची आशा कमी आहे का? उपचार तसेच चालू राहणार आहेत का? गावाकडच्या माणसांना बोलावून घेऊ का? त्रास कमी व्हावा म्हणून काय देता येईल?" या चार प्रश्नांना राग यायचं कारण नाही. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. कर्ज काढून दुसऱ्या दवाखान्यात हलवायचं की नाही, हा निर्णय या उत्तरांवरच उभा असतो. आशा संपली असेल तरी वेदनेवर औषध असतं, धापेवर असतं, ते मागायचा पेशंटला हक्क आहे.

आणि पेशंट स्वतः म्हणाला, "माझ्यासाठी प्रार्थना कर," तर? आयुष्यभर विहारात पुढे बसलेला माणूसही शेवटी असं बोलतो, आणि घरच्यांना धक्का बसतो. त्याच्याशी वाद घालू नका. त्याला भीती वाटते आहे. हात धरा आणि विचारा, "कशाची भीती वाटते?" बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं: रात्री धाप लागली आणि कोणी जवळ नसलं तर. त्यावर रात्री कोणी थांबायचं ते ठरवता येतं.

त्या ताईला मी हेच सांगितलं, याच्या निम्म्याहून कमी शब्दांत. म्हटलं, शेजारणीला सांग, तुमची माया पोहोचली, आणि मग तिला एक काम सांग. लोकांना मदत करायची असते, फक्त काय करायचं ते कळत नाही. रक्त लागणार असेल तर तारीख सांगा. केसपेपर काढायला सकाळी रांगेत उभं राहायला सांगा. पोरांचा डबा, नळाचं पाणी भरणं, रात्रीची एक पाळी. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे एक वार आणि एक वेळ द्या.

दोन दिवसांनी मी वॉर्डमध्ये गेले तेव्हा ती ख्रिश्चन बाई स्टुलावर बसलेली होती, बुधवारची दुपार तिच्या वाट्याला आली होती. मांडीवर हात जुळवून डोळे मिटलेले. ताई खाटेच्या पलीकडे, नवऱ्याच्या कानाशी हळू आवाजात त्रिशरण म्हणत होती. पोरगा खालच्या मेडिकलमधून इंजेक्शन घेऊन वर आला, त्याने दोघींकडे पाहिलं, काही बोलला नाही. तेवढ्यात पेशंटने लघवीचं भांडं मागितलं. शेजारणीने पडदा ओढला आणि पोराने भांडं धरलं.